बाबांच्या गाळ्यातलं वाण

आधी स्पष्ट सांगते. प्लास्टिकच्या विरोधात मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांचं शुद्धलेखन माझ्या बाबांनी तपासलं आहे. आणि बाबा वसईजवळच्या गोखिवऱ्यात प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या एका गाळ्यात सुपरवायझर आहेत. आमच्या पर्यावरणवाल्या गटातल्या एकाने यावरून मला एकदा टोमणा मारला, की तू दगड मारतेस त्याच घरचं जेवतेस. मी म्हटलं, जेवते, आणि अंगात ताकद आली की पुन्हा दगड मारते. उपाशीपोटी आंदोलन करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

गाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत मशीनचा खडखडाट आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास. वरून प्लास्टिकचा दाणा ओतायचा, खाली साच्यातून साबणदाणी पडते. किंवा गाळणी, किंवा मसाल्याचा डबा, किंवा ज्याचा उपयोग बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही असं काहीतरी झाकणवालं. वर्षभर हा माल घाऊक बाजारात जातो आणि तिथून देशभरातल्या नाल्यांत. हे वाक्य माझ्या पत्रकातलं आहे. बाबांनी त्यात फक्त ‘घाऊक’मधला उ दीर्घ केला होता.

पण आमच्या बिल्डिंगसाठी गाळ्याचं महत्त्व वेगळं होतं. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी हळदीकुंकू असतं, आणि आलेल्या प्रत्येक बाईला काहीतरी वस्तू द्यायची असते. तेच वाण. (हळदीकुंकवाला कुणाला बोलावतात आणि कुणाला बोलावत नाहीत, यावर माझं एक स्वतंत्र पत्रक आहे. ते आईने कपाटात कुलपात ठेवलंय.) आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून सगळ्या बिल्डिंगचं वाण बाबांच्या गाळ्यातून यायचं. एका वर्षी एक वस्तू, सगळ्या घरांना तीच.

एरवी बाबा कुणाच्या खिजगणतीत नसत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उभे राहिले की लोक चहा आला का ते बघायला लागत. पण डिसेंबर लागला की कामावरून परत येताना त्यांना जिन्यात बायका अडवायच्या. भाऊ, यंदा काय काढलंय, भाऊ, पिस्ता रंग मिळेल का. बाबा डब्याच्या पिशवीतून नमुना काढायचे, झाकण लावून दाखवायचे, उघडून दाखवायचे, पुन्हा लावायचे. पिस्ता होईल, म्हणायचे, पण मग सगळ्यांनाच पिस्ता. चार मजले चढायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि घरात आल्यावर ते पाय दुखतात म्हणायचे नाहीत.

आता नाल्याकडे येते.

पावसाळ्यात आमचा गट चिंचोटीला धबधब्याच्या वाटेवरचा कचरा उचलतो. तिथे एक सुख असतं. तो कचरा परक्यांचा असतो, त्यामुळे शिव्या मोकळ्या मनाने देता येतात. हिवाळ्यात मी गटाला आमच्या बिल्डिंगमागच्या नाल्यात उतरवलं आणि ते सुख संपलं. तिथे आमच्याच दुधाच्या पिशव्या होत्या, आमच्याच किराणावाल्याच्या, आणि गाळात अर्धी रुतलेली एक साबणदाणी. आंब्याच्या आकाराची, हिरव्या देठासकट. तळाशी बाबांच्या गाळ्याची खूण.

मी ती पुरावा म्हणून घरी आणली. वर्तमानपत्र पसरून, जेवायच्या टेबलावर, बाबांच्या समोर ठेवली आणि काही बोलले नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला न बोलणं फार जड जातं, पण परिणाम साधायचा होता. बाबांनी चष्मा लावला. ती उचलून बेसिनकडे नेली, घासून धुतली, उजेडात धरली, उघडली, मिटली.

“बघ,” ते म्हणाले. “झाकण अजून घट्ट बसतंय.”

“बाबा, हाच तर आरोप आहे.”

त्यांनी ती पुसून खिडकीत वाळत ठेवली.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मागणी पहिली: या संक्रांतीला आपल्या बिल्डिंगमध्ये प्लास्टिकचं वाण नको. मागणी दुसरी: माळ्यावर पडून असलेली जुनी वाणं येत्या रविवारी खाली आणावीत, ती भंगारवाल्यामार्फत पुन्हा दाणा करायला जातील. मधल्या परिच्छेदात मी विचारलं होतं, की गेल्या पाच संक्रांतींना मिळालेल्या डब्यांपैकी किती तुम्ही वापरले, हे छातीवर हात ठेवून सांगा. बाबांनी नेहमीप्रमाणे तपासलं. ‘विळखा’ दोनदा आलाय, म्हणाले, एक काढ. मग विचारलं, “हे आपल्याच बिल्डिंगमध्ये वाटणार?”

“सुरुवात घरापासून.”

“हं,” बाबा म्हणाले आणि चष्मा घडी करून ठेवला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “का गं, बाकीच्या बिल्डिंगी काय मेल्या होत्या?”

छापखान्याने गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला. मी भांडून तो सुतळीने बांधून घेतला आणि संध्याकाळी दारोदार फिरले. विरोध होणार हे गृहीत धरून मी मुद्दे पाठ केले होते. एकही वापरायला मिळाला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पत्रकाची पहिली ओळ वाचूनच म्हणाल्या, बरं झालं बाई, कुणीतरी बोललं, आणि दार लावून घेतलं. सेक्रेटरींच्या बायकोने तर माझ्या गालावरून हात फिरवला. पुढच्या सगळ्या घरांत तेच. क्रांती एवढ्या लवकर होत असेल तर काहीतरी चुकतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी खाली येऊन गटाला विजयाचा मेसेज टाकला.

रविवारी आईने बाबांना वसईच्या बाजारात मासळी आणायला पाठवून दिलं. आधी मटणाच्या दुकानात जा, म्हणाली, मग मासळी बघ, मग केळी, घाई करू नकोस. मी कंपाउंडमध्ये ताडपत्री अंथरली.

काय आलं नाही? आंब्याच्या साबणदाण्या होत्या. चहाच्या गाळण्या, दांडीवर बदक असलेल्या. कुंकवाचे करंडे, लिंबू पिळायची यंत्रं, आणि एका वर्षीचं ते कमळ, ज्यात काय ठेवायचं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. बहुतेक सगळं कोरं. वरचा कागदही काढलेला नाही, त्यावर हळदीकुंकवाची बोटं तशीच. बायका पिशव्या रिकाम्या करत होत्या, हसत होत्या, एकमेकींना विचारत होत्या की तुझ्याकडे किती निघाले. दुपारपर्यंत ढीग माझ्या कमरेला आला. मी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतला, हाताची मूठ वर.

फोटो चांगला आला नाही, कारण पाठीमागे गेटमधून बाबा येताना दिसतात. सुरमई महाग होती म्हणून ते लवकर परतले होते. हातात मासळीचा डबा, स्टीलचा. ते ताडपत्रीपाशी येऊन थांबले आणि बघत राहिले.

बायकांच्या रिकाम्या पिशव्या पाठीमागे गेल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली वाकल्या. अय्या, हा करंडा इथे कसा आला, म्हणाल्या, मी कधीची शोधतेय, आणि पिशवीत टाकला. लगेच सेक्रेटरींच्या बायकोने गाळणी उचलली. मुलाच्या होस्टेलसाठी हवीच होती, म्हणाली. दुसरीने दोन डबे, तिसरीने चार. सकाळभर जिना उतरून आलेला ढीग बघता बघता पुन्हा जिना चढायला लागला. मी पायरीवर हात पसरून उभी राहिले. ताई, वहिनी, हे काय चाललंय, पत्रक तुम्हीच तर उचलून धरलंत, असं काहीबाही बोलत होते. त्या माझ्या हाताखालून वाकून जात होत्या.

“ठेवा खाली,” बाबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. सगळ्या थांबल्या.

“वहिनी, त्या करंड्याचा कागद अजून बंद आहे. शोधत होता तर सापडल्यावर उघडला असता.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “प्रत्येक रंगाचं वेगळं कर. भंगारवाल्याला बरं पडतं.” आणि डबा घेऊन वर गेले.

सगळं भंगारात गेलं. मोहीम यशस्वी झाली. मी तसं गटाला कळवलं.

बाबांच्या नोकरीला धक्का लागला नाही, हे इथे सांगून टाकते, कारण लोक लगेच तिकडे जातात. शेठला आमच्या बिल्डिंगच्या ऑर्डरचं काही पडलेलं नव्हतं. बाबांचा मान ठेवायचा म्हणून तो मशीन थोडा वेळ मोकळं द्यायचा, एवढंच. धोक्यात होतं ते वेगळं. डिसेंबरात जिना चढताना बाबांना कुणीतरी थांबवायचं, ते यंदा कुणी थांबवत नव्हतं. उलट त्यांच्या पायांचा आवाज आला की दारं लागत होती, कारण त्या ढिगाची लाज सगळ्यांनाच होती. यंदाचा नमुना त्यांनी आधीच काढून ठेवला होता, तिळगुळासाठी तीन कप्प्यांचा डबा. तो रोज सकाळी पिशवीतून जायचा आणि रोज संध्याकाळी परत यायचा. चार मजले ते पाच मिनिटांत चढायला लागले. आई म्हणाली, बघ, तुझ्यामुळे बाबांचे पाय सुधारले.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याने नाला मोकळा होत नाही, आणि मी एकही शब्द मागे घेतला नाही. उलट घरातली पुढची मोहीम हाती घेतली: भांड्यांची प्लास्टिकची घासणी बंद. आई मला काय म्हणाली ते छापता येणार नाही.

संक्रांत आली. पहिलं हळदीकुंकू सेक्रेटरींच्या बायकोचं. तिने स्टीलची वाटी दिली. मी वाटीचा फोटो स्टेटसला ठेवला. दोन दिवसांनी दुसऱ्या घरी वाटी आणि चमचा. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी काचेचं झाकण असलेला डबा दिला, आणि आई घरी आल्यावर तो डबा टेबलावर ठेवून त्याच्याकडे समन्स आल्यासारखी बघत बसली. पुढच्या घरी तांब्याची बाटली. आता जी ती आपलं हळदीकुंकू पुढे ढकलायला लागली, दुसरी काय देते ते बघायला. जूचंद्र गावच्या मावशीने आईला फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे असंच वाढत वाढत मिक्सरच्या भांड्यापर्यंत गेलं होतं. आणि मग रद्द व्हायला सुरुवात झाली. एकीला माहेरी जायचं निघालं. एकीला सुतक आलं, कुणाचं ते तिलाही पटकन आठवेना. तळमजल्यावरच्या काकूंचा गुडघा धरला.

या काकू घरून पोळ्या लाटून देतात. त्यांचं हळदीकुंकू चुकलं असं कधी झालेलं नव्हतं. मी तावातावाने खाली गेले. त्यांना म्हटलं, वाणाची किंमत नसते, भावना असते, हे स्टीलचं प्रदर्शन तुम्ही मनावर घेऊ नका. त्या ऐकत होत्या आणि लाटत होत्या. गुडघा उत्तम चालत होता. पोळ्यांच्या चळतीखाली माझं पत्रक घातलेलं दिसलं.

“काकू, छपाईची शाई असते त्याला. पोळीला लागेल.”

“वरच्या बाजूला घातलाय कोरा भाग. कागद चांगला वापरतेस.” तव्यावरची पोळी उलटून त्या पुढे म्हणाल्या, “तुझ्या बाबांचं वाण आम्ही माळ्यावर टाकत होतो, खरंय. पण सगळ्याच टाकत होतो. कुणाची मान खाली नव्हती. आता तू जा, मला शंभर लाटायच्यात.”

मी जिन्यात बसून राहिले. प्लास्टिक वाईट हे खरंच होतं. पण बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका एकसारख्या दिसाव्यात याची व्यवस्था इतकी वर्षं बाबांच्या त्या भिकार डब्यांनी केली होती, हे कुठल्याही पत्रकात येत नाही.

त्या संध्याकाळी आमची बेल वाजली. सेक्रेटरींची बायको, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, आणखी दोघी. मला वाटलं माझ्याकडे आल्या. त्यांनी विचारलं, भाऊ आहेत का?

बाबा बनियनवर होते, शर्ट घालून आले. सेक्रेटरींची बायको म्हणाली की हे काही खरं नाही, वाटीवाल्यांना आता कुणी विचारत नाही. म्हणजे तिलाच. ती म्हणाली, अर्ध्या घरांचं व्हायचं आहे, रथसप्तमीला वेळ आहे, तुम्ही काहीतरी एक ठरवा, आधीसारखं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “प्लास्टिक?”

सेक्रेटरींच्या बायकोने पदर सारखा केला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी धीर केला. “रागावू नका भाऊ. प्लास्टिक नको. माळ्यावर खरंच जागा नाही.”

मला वाटलं आता संपलं. पण बाबा हसायला लागले. इतके, की त्यांना खोकला लागला आणि आईने पाणी आणलं. मग त्या चौघीही हसल्या, मला हसायचं की नाही ते ठरवता आलं नाही. बाबांनी दोन दिवसांची मुदत मागितली.

पहिला दिवस त्यांनी वाया घालवला. लाकडी चमचे, ज्यूटच्या थैल्या, रोपं असं सगळं सुचवून झालं. प्रत्येकाला आईने एकेक कारण काढलं. रोप कुणाकडे जगेल आणि कुणाकडे मरेल यावरून पुन्हा तेच सुरू होईल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बाबा ताट ठेवायला मोरीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. आई वाळक्या घोसाळ्याने भांडी घासत होती. मी घासणी बंद केल्यावर बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशीने ते तिला फुकट दिलं होतं. वेलावर जून होऊन वाळलेलं, साल काढली की आत नुसती जाळी. आईने ते माझ्यावर सूड म्हणून आणलं होतं, आणि नाइलाजाने तिला ते आवडायला लागलं होतं.

बाबांनी तिच्या हातातून ते घेतलं. पिळलं, वाकवलं, वास घेतला. “झिजतं?”

“महिना दीड महिना,” आई म्हणाली. “मग कुंडीत टाकते.”

“म्हणजे माळ्यावर जात नाही,” बाबा म्हणाले.

रविवारी मी आणि बाबा त्या मावशींच्या वाडीवर गेलो, वसईच्या पश्चिमेला. मावशी नुकत्याच चर्चमधल्या मिसाहून आल्या होत्या, चांगल्या साडीवरच आम्हाला मांडवाखाली घेऊन गेल्या. वेल सुकला होता आणि तपकिरी घोसाळी टांगलेली होती, आत बिया खुळखुळत. आम्हाला किती हवीत ते ऐकून त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बियांपुरती ठेवतो आम्ही. बाकी उकिरड्यावर. तुम्हाला कशाला?”

मी प्लास्टिकमुक्तीबद्दल सुरुवात केली. बाबांनी मला अडवून सांगितलं की हळदीकुंकवाला वाटायची आहेत.

“ही?” मावशी म्हणाल्या. “मग दोन पाण्यांत धुवा तरी. काळी देऊ नका कुणाला, तुमची इज्जत जाईल.”

पुढचा आठवडा आमच्या घराचा गाळा झाला. बाबांनी पुठ्ठ्याचं एक माप कापलं आणि प्रत्येक घोसाळं त्याला लावून दोन्हीकडून छाटलं. कडेचे निघालेले धागे कात्रीने साफ. डाग असलेलं बाद. बादचा ढीग वेगळा, पासचा वेगळा, टोकाला सुतळीचा फास, तोही एकाच लांबीचा. हॉलभर बिया सांडल्या, आई अनवाणी चालली की करकर आवाज यायचा. ती म्हणाली, प्लास्टिक होतं तेव्हा निदान कामाच्या जागी होतं. मी प्रत्येकासोबत द्यायला एक छोटी चिठ्ठी लिहिली, वापर, फायदे आणि सूक्ष्मप्लास्टिकचे दुष्परिणाम. बाबांनी वाचली, ‘सूक्ष्म’ बरोबर आहे म्हणाले, आणि परत दिली.

“चिठ्ठी नको. घोसाळं आहे. कळतं.”

याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनी हळदीकुंकू केलं. गुडघ्याचं कुणी विचारलं नाही. सुतकही फिटलं. उरलेल्या सगळ्या घरांनी एकच वस्तू दिली, त्यामुळे रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीकडे तीच ती घोसाळी जमली. बायका हसल्या, नावं ठेवली आणि वापरायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एक नवऱ्याच्या पाठीसाठी ठेवलं. नाल्यातल्या प्लास्टिकच्या घासण्या मी कधी मोजल्या नाहीत, पण आमच्या मागच्या भागात त्या कमी दिसतात, असं मी म्हणते. बाबा म्हणतात, सिद्ध कर. गाळा चालूच आहे. पुढचं पत्रक त्याच्याच विरोधात आहे, आणि ते सध्या तपासायला त्यांच्याकडे आहे.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींच्या बायकोचा मेसेज आला. दुसऱ्या मजल्यावरचं घोसाळं तिच्याकडे आलेल्या घोसाळ्यापेक्षा बोटभर लांब आहे, हे कसं, भाऊंनी खुलासा करावा. खाली दोघींचे अंगठे. आईने कपाळाला हात लावला. लक्ष देऊ नका, म्हणाली, उद्या बघू, भात वाढलाय.

बाबांनी मेसेज दोनदा वाचला. फोन खाली ठेवला, पुठ्ठ्याचं माप शोधलं, शर्टाचं वरचं बटण लावलं. चपला घालायलाही ते थांबले नाहीत.

भात निवला. आईने दारातून दोनदा हाक मारली. खालून त्यांचा आवाज येत होता, सावकाश, समजावून सांगितल्यासारखा. “धुतलं की आखडतं ते, वहिनी. आणा इकडे. तुमचंही आणा.” मग आणखी एक दार उघडल्याचा आवाज आला, आणि आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं.